पायरी : उपनगरी स्थानकांचा एक दुर्लक्षित इतिहास

मराठीत 'पायरी' हा शब्द केवळ दगडाविटांचा नाही. माणसाने आपली पायरी ओळखून असावे असे आपण म्हणतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असेही म्हणतो. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर, देवळाच्या बाहेर, चोखोबांची समाधी. आत कोण जाणार आणि बाहेर कोण थांबणार, याचा निवाडा आपल्याकडे शतकानुशतके पायरीवर होत आला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र देवळाची पायरी नसून रेल्वेच्या जिन्याची आणि लोकलच्या दारातली पायरी हा आहे. वरवर पाहता हा विषय स्थापत्याचा वा अंदाजपत्रकाचा वाटेल. मला तो आधी इतिहासाचा वाटतो.

या विषयाकडे मी वळलो तो एका विद्यार्थ्यामुळे. पोलिओने त्याचा एक पाय लहानपणीच गेला होता आणि तो कुबडीच्या आधाराने चालत असे. तास संपल्यावर तो ग्रंथालयात अर्धा-पाऊण तास बसून राही. वाचनाची आवड असावी असा माझा समज होता. पुढे कळले, की घरी जाताना ज्या गाडीला त्याच्या स्थानकात कडेचा फलाट मिळतो, तीच गाडी तो पकडत असे. कारण मधल्या फलाटावर उतरले की जिना चढून पूल ओलांडण्यावाचून गत्यंतर नसे. एखाद्या दिवशी ती गाडी ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर गेली, की मग कुणाचा तरी हात धरून, पन्नाससाठ पायऱ्या मोजत चढायचे आणि तितक्याच उतरायच्या. वेळापत्रक आपण सगळेच वाचतो. त्याला मात्र वेळापत्रकाबरोबर फलाटही पाठ करावा लागत होता.

मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरांत राहणाऱ्या, विशेषतः मीरा रोड आणि भाईंदर येथून रोज प्रवास करणाऱ्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. आणि या तक्रारीवरचे ठरलेले उत्तरही सर्वांना ठाऊक आहे : पैसा नाही. हे उत्तर खोटे नाही. पण ते केव्हापासून दिले जात आहे, कुणाला दिले जात आहे आणि केव्हा अचानक बदलते, हे पाहिले तर त्या उत्तराचा अर्थ पालटतो.

आरंभापासून पाहू. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आपली बी. बी. सी. आय., गुजरातेतून दक्षिणेकडे रूळ टाकीत आली आणि २८ नोव्हेंबर १८६४ रोजी ग्रँट रोडला पोहोचली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. सकाळी एक जाणार, संध्याकाळी एक येणार. तिच्या थांब्यांच्या यादीत वसई आहे, बोरिवली आहे, गोरेगावऐवजी पहाडी आहे. आणि वसई व बोरिवली यांच्यामध्ये नाव येते ते पंजूचे. खाडीवरच्या दोन पुलांमधले हे बेट. आज तेथे गाडी थांबत नाही. भाईंदर मात्र त्या यादीत नाही. मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे यांच्या या मुलखाची गणना त्या वेळी प्रवाशांत झालेली नव्हती.

या पहिल्या गाडीविषयीची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यात स्त्रियांसाठी दुसऱ्या वर्गाची निराळी सोय होती आणि धूम्रपान करणाऱ्यांसाठी निराळी जागा होती. म्हणजे 'प्रवासी' नावाचा एकच एकसाची प्राणी असतो असे रेल्वेने पहिल्या दिवसापासून कधीच मानले नाही. भाडे देण्याची ऐपत निराळी म्हणून वर्ग निराळे. लिंग निराळे म्हणून डबा निराळा. विडी-चिरूट ओढण्याची सवय निराळी म्हणून कोपराही निराळा. पुढे १९९२ साली याच मार्गावर चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण महिला विशेष गाडी धावू लागली. भिन्न गरजांसाठी भिन्न सोय करणे रेल्वेला अशक्य होते वा अपरिचित होते, असे इतिहास सांगत नाही. कोणती गरज 'गरज' म्हणून मोजायची, एवढाच प्रश्न होता. जिना चढू न शकणाऱ्याची गरज त्या मोजणीत आली नाही.

वाफेच्या गाड्यांच्या काळी स्थानक बहुधा जमिनीलगत असे. गाडी थोड्या, रूळ थोडे. चढण्याउतरण्याचे हाल तेव्हाही होतेच. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला कसे वागवले जाते यावर गांधीजींनी १९१७ साली स्वतंत्र लेखच लिहिला होता. परंतु आजचे उपनगरी स्थानक, म्हणजे उंच फलाट आणि त्यांना जोडणारा त्याहून उंच पूल, हे विजेच्या गाडीचे अपत्य आहे. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेची गाडी धावली आणि १९३६ साली वीज विरारपर्यंत पोहोचली. गाड्या वेगाने व वरचेवर येऊ लागल्या, तसे रूळ ओलांडून जाणे जिवावरचे झाले. उंच फलाटामुळे डब्यात शिरणे सोपे झाले खरे. पण एका फलाटावरून दुसऱ्यावर जाणे अवघड झाले. त्या अवघडपणावरचा स्वस्तातला तोडगा म्हणजे जिना. तो धडधाकट पायांच्या माणसाने धडधाकट पायांच्या माणसासाठी काढलेला होता.

भाईंदरपुरते बोलायचे तर हा तोडगा बराच काळ फारसा कुणाला खुपला नाही, कारण वस्तीच बेताची होती. ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली येथे नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास गेली आणि २०११ मध्ये तिने आठ लाखांचा आकडा ओलांडला. मुंबईत घर परवडत नाही म्हणून जे येथे आले, त्यांच्याबरोबर त्यांचे म्हातारे आईवडीलही आले. तीस वर्षांपूर्वी जिना धावत उतरणारी पिढी आज स्वतः गुडघ्यांवर हात ठेवून चढते आहे. २००७ साली बोरिवली ते विरार हा मार्ग चौपदरी झाला. लोकलना आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना निराळी वाट मिळाली आणि ही मोठीच सोय झाली. पण रूळ वाढले म्हणजे फलाट वाढतात, फलाट वाढले म्हणजे पूल लांबतो. ज्याला पाय साथ देत नाहीत, त्याच्यासाठी प्रगतीच्या प्रत्येक टप्प्यावर स्थानक थोडे अधिक दूर गेले.

आता कायद्याकडे वळू. अपंग व्यक्तींसाठी समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग यांविषयीचा कायदा १९९५ साली झाला आणि फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्यातील चव्वेचाळीस ते सेहेचाळीस ही कलमे वाहतूक, रस्ते आणि इमारती यांच्याविषयी आहेत. रेल्वेचे डबे सुलभ करावेत, अंधांना समजावे म्हणून फलाटाच्या कडेवर खाचा कोराव्यात, सार्वजनिक इमारतींना उतार करावेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. मात्र या तिन्ही कलमांत एक वाक्यांश बसवलेला आहे. त्याचा आशय असा, की हे सारे संबंधित संस्थांनी आपली आर्थिक क्षमता आणि विकास यांच्या मर्यादेत करावे. कायदा हक्क देतो आणि त्याच वाक्यात तो उधार ठेवतो. भाषेच्या अभ्यासकाने या वाक्यांशापाशी थांबले पाहिजे. कारण विशेषणाने नामाला खाऊन टाकावे तशी ही मर्यादा पुढची वीस वर्षे त्या हक्काला खात राहिली.

न्यायालयांनी ही मर्यादा निमूटपणे मान्य केली असे मात्र नव्हे. स्वतः चाकांच्या खुर्चीवर असलेले जावेद अबिदी सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा डिसेंबर १९९८ मध्ये न्यायालयाने इंडियन एअरलाइन्सच्या आर्थिक स्थितीची दखल घेऊनही, ऐंशी टक्के व त्याहून अधिक अस्थिव्यंग असलेल्यांना अंध प्रवाशांप्रमाणे भाड्यात सवलत देण्याचा आदेश दिला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण येथे दुहेरी अर्थाने उलटी झाली. ज्यांना पायरी चढता येत नव्हती, त्यांनाच ती चढावी लागली.

आर्थिक क्षमता ही किती लवचीक वस्तू आहे, याचा एक धडा जानेवारी २००१ मध्ये मिळाला. स्टीफन हॉकिंग मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील परिषदेसाठी आले होते. तेथून ते दिल्लीला गेले. कुतुबमिनार, जंतरमंतर अशा वास्तू त्यांना पाहता याव्यात म्हणून पुरातत्त्व खात्याने लाकडी उतार बसवले. ते तात्पुरते होते, आणि अपंग कार्यकर्त्यांनी, त्यांत अबिदी होतेच, रेटा लावल्यावर बसले. एवढी वर्षे जे होऊ शकत नव्हते ते सुताराच्या काही दिवसांच्या कामात झाले. अडचण लाकडाच्या किमतीची असती, तर ती हॉकिंग येण्याने कमी झाली नसती.

रेल्वेत हाच धडा अधिक भीषण रीतीने मिळाला. त्यासाठी रेल्वेच्या हिशेबवहीत डोकावले पाहिजे. रेल्वेच्या अंदाजपत्रकात 'प्रवासी सुविधा' हे एक स्वतंत्र शीर्ष आहे. स्थानकांच्या प्रतवाऱ्या ठरलेल्या असत; उपनगरी स्थानके सगळी 'सी' प्रतीत येत. सुविधांचेही तीन थर : किमान आवश्यक, शिफारस केलेल्या आणि इष्ट. 'इष्ट' म्हणजे झाल्या तर उत्तम. मराठी संसारात पाहुण्यांसाठीच्या कपबशा जशा वरच्या फळीवर असतात, तशी या थराची जागा. स्थानकावरचा पहिला पादचारी पूल तेवढा आवश्यक मानला जाई आणि त्यापुढचे पूल सुविधेत मोडत. म्हणजे लाखो लोकांच्या पायांखालचा दुसरा पूल आणि फलाटावरचा पंखा एकाच शीर्षाखाली वाट पाहत उभे.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि तेवीस जण मृत्युमुखी पडले. तेथे नव्या पुलाची मागणी जुनी होती. मंजुरीसुद्धा आधीच मिळालेली होती. दुर्घटनेनंतर लगेचच रेल्वेने जाहीर केले, की पादचारी पूल यापुढे सुविधा न मानता सुरक्षिततेची बाब मानले जातील. लष्कराला पाचारण करण्यात आले आणि पाच महिने भरण्याच्या आत, २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, एल्फिन्स्टन रोड, करी रोड व आंबिवली येथील पूल खुले झाले. रेल्वे तीच होती, तिची आर्थिक क्षमताही तीच. हिशेबवहीतला एक शब्द बदलला होता.

तीन वर्षे आधी फलाटाच्या उंचीच्या बाबतीतही असेच घडले होते. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात गाडी आणि फलाट यांमधल्या पोकळीत सापडून एका तरुणीचे दोन्ही हात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची दखल घेतली आणि ७६० ते ८४० मिलिमीटर उंचीचे फलाट ९०० मिलिमीटरपर्यंत उचलण्याची मोहीम सुरू झाली. त्याने पोकळी पुष्कळ कमी झाली. डब्याची फरशी तरीही फलाटाच्या वरच राहिली. जी पायरी कुबडी घेतलेल्या माणसाला रोज दिसत होती, ती शासनाला एका अपघातानंतर दिसली.

यातून निघणारा निष्कर्ष कटू आहे. अपंगाचा प्रवेश जोवर 'सुविधा' या सदरात आहे, तोवर तो रांगेच्या शेवटी राहणार. तो सुरक्षिततेच्या वा हक्काच्या सदरात गेला, की त्याला पैसा मिळतो. पण त्या सदरात जाण्याचे शुल्क आजवर मृत्यूने भरले आहे.

दरम्यान शब्द मात्र भराभर बदलत गेले. पंगू, अपंग, विकलांग अशा पायऱ्या चढत आपण डिसेंबर २०१५ मध्ये 'दिव्यांग' या शब्दापाशी पोहोचलो. त्याच महिन्याच्या ३ तारखेला 'सुगम्य भारत' अभियान सुरू झाले होते. शब्दाला माझी हरकत नाही. माझा पोटापाण्याचा धंदाच शब्दांचा आहे. पण डब्यावरची पाटी रंगवायला जो खर्च येतो, तेवढ्यात डब्याची फरशी खाली येत नाही. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, हे मोठे पाऊल होय. तरी जुन्या वाहनांत बदल करण्याविषयीच्या कलमात 'आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य' ही अट पुन्हा येऊन बसलीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक राहू शकत नाहीत, त्यांतले काही सक्तीचे असलेच पाहिजेत. आणि तसे नियम करण्यास केंद्र सरकारला सांगितले. 'इष्ट' कडून 'आवश्यक' कडे जाणारी ही वाट आहे. ती चालायला आपल्याला जवळजवळ तीस वर्षे लागली.

येथे कुणी विचारील, की हे सारे मान्य. पण पैसा खरोखरच थोडा असेल तर काय करावे? प्रश्न प्रामाणिक आहे. मुंबईची लोकल देशातल्या सर्वांत स्वस्त प्रवासांपैकी एक आहे आणि ती स्वस्त असावी असेच आपण म्हणतो. तेव्हा थोड्या पैशाचा विचार टाळून चालणार नाही. मात्र थोड्या पैशाने जगात काय झाले आहे, तेही पाहावे. आपल्या विरारच्या पहिल्या गाडीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९६७ साली, जपानच्या ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या एका रस्त्यावर उंचवट्यांच्या फरश्या बसवल्या गेल्या. त्या सेइची मियाके या गृहस्थांनी स्वतःच्या कल्पनेने तयार केल्या होत्या. पायाला वा काठीला कळणारी ती साधी सिमेंटची फरशी आज जगभरच्या फलाटांच्या कडेला पिवळ्या पट्ट्याच्या रूपाने दिसते. आपल्याकडेही ती आली आहे. मुंबईत अपंगांचा डबा जेथे थांबतो, त्या जागी फलाटावर 'बीप' असा आवाज करणारे छोटे यंत्र लावले गेले. अंध प्रवाशाला त्यावरून डबा सापडतो. एका पुलाच्या खर्चात अशी यंत्रे किती बसतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

म्हणून मला वाटते, की मर्यादित पैशाचा पहिला नियम हा असावा : ज्याला खर्च नाही ते आधी करावे. ऐनवेळी फलाट न बदलणे, आणि बदलावाच लागला तर पुरेसा आधी व स्पष्ट पुकारा करणे, याला पैसा लागत नाही. पिवळ्या पट्ट्यावर सामान, टपरी वा बाक न ठेवणे याला लागत नाही. बसवलेली लिफ्ट चालू ठेवणे आणि ती बंद असल्यास तिकीट खिडकीपाशीच तसे लिहिणे याला फार लागत नाही. त्यानंतर थोड्या खर्चाच्या गोष्टी : जिन्याला दोन्ही बाजूंनी पकडता येईल असा कठडा, पायरीच्या कडेला ठळक रंग, एक तरी ठेंगणी तिकीट खिडकी, मोठ्या अक्षरांचे फलक. लिफ्ट आणि उताराचे पूल यांचा क्रम त्यानंतरचा, पण तो टाळायचा नाही. आणि येथे सरकत्या जिन्याविषयी एक इशारा द्यायला हवा. तो दिसायला भव्य असतो आणि उद्घाटनाला सोयीचा असतो. पण चाकांच्या खुर्चीला आणि बहुतेक कुबड्यांना त्याचा उपयोग नाही.

एक अडचण मात्र पैशाची नसून मालकीची आहे. फलाट रेल्वेचा, बाहेरचा रस्ता महापालिकेचा, वरचा स्कायवॉक आणखी एखाद्या प्राधिकरणाचा. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत नियमाप्रमाणे काम केले, तरी दोन हद्दींच्या सांध्यावर सहा इंचांची पायरी उरतेच आणि ती कुणाचीच नसते. दुसरी अडचण आपल्या चांगल्या हेतूंची आहे. लोकांनी रूळ ओलांडू नयेत म्हणून भिंती आणि कुंपणे उभी राहिली. ती हवीतच, कारण या रुळांवर आजही वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. पण ज्या स्थानकात लिफ्ट नाही, तेथे कुंपण घालताना सपाट जमिनीवरची शेवटची वाट बंद होते याची नोंद कोण घेतो?

मीरा रोड आणि भाईंदर ही दोन्ही स्थानके मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या '३ अ' टप्प्यातील स्थानक सुधारणेच्या यादीत आहेत. शेजारच्या दहिसरला २०२२ पासून मेट्रो येते. तिच्या डब्याची फरशी आणि फलाट एका पातळीत आहेत. चाकांची खुर्ची सरळ आत जाते. मेट्रो श्रीमंत आहे म्हणून हे झाले, असे म्हणणे अर्धसत्य होईल. नकाशा काढताना जो माणूस कल्पनेत असतो, त्याच्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. जो कल्पनेत नसतो, त्याच्यासाठी नंतर भिंती फोडाव्या लागतात आणि मग तो 'खर्च' म्हणून दिसतो. जुन्या स्थानकांचे नवे नकाशे काढण्याची ही संधी म्हणूनच महत्त्वाची आहे. २०११ च्या जनगणनेने देशात २.२१ टक्के लोक अपंग असल्याचे सांगितले. त्यांच्याबरोबर गर्भवती, लहान मूल कडेवर घेतलेली आई, केमोथेरपी घेऊन परतणारा रुग्ण आणि म्हातारपण मोजा, म्हणजे हा अल्पसंख्याकांचा प्रश्न उरत नाही. अपंगांच्या डब्यात कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भवती यांना बसू देणाऱ्या रेल्वेला हे ठाऊक आहेच.

माझा तो विद्यार्थी आता नोकरी करतो. मध्यंतरी भेटला तेव्हा मी सहज विचारले, तुझ्या स्थानकात लिफ्ट झाली का? झाली, म्हणाला. मग आता ग्रंथालयात थांबावे लागत नसेल? तो हसला. "सर, लिफ्ट आहे, पण ती चालू आहे की नाही हे खाली उतरल्यावरच कळतं. म्हणून अजून कडेच्या फलाटाचीच गाडी बघतो."

दीडशे वर्षांपूर्वी विरारहून निघालेल्या पहिल्या गाडीत विडी ओढणाऱ्यासाठी जागा राखून ठेवलेली होती. त्याच मार्गावर या तरुणाची वेळ अजून राखून ठेवलेली नाही. ती रोज अर्धा तास कुठेतरी फलाटावर सांडते. स्थानक सुधारणेचा हिशेब मांडताना तो अर्धा तासही खर्चाच्या बाजूला लिहिला जावा, एवढीच या लेखाची मागणी आहे.